नैवेद्य व्हायचा होता

टायफॉईड गेला तेव्हा तो सासूबाईंची भूकही बरोबर घेऊन गेला. ताप उतरून बरेच दिवस झाले होते. डॉक्टरांनी पोट तपासलं, छाती ऐकली आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पण अन्न समोर आलं की सासूबाई त्याच्याकडे अशा बघत, जणू ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाहीये. मग हाताने ताट हळूच दूर सारत. त्यात राग नसे की हट्ट नसे. हट्ट असता तर मला बरं वाटलं असतं, कारण हट्टी माणसाशी भांडता येतं.

मुलांनो, तुमच्या या पणजीला तुम्ही फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं आहे. त्यात त्या कॅमेऱ्याकडे जरा संशयानेच बघताहेत. त्या कर्जतजवळ पेज नदीकाठच्या आमच्या गावी एकट्या राहत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकोणीसशे साठच्या दशकातली ही गोष्ट. तुमचे आजोबा तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्यात होते आणि आम्ही कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. खिडकीतून घाटाच्या कड्यावरून उतरणारे वीजघराचे मोठाले पाइप दिसत. श्रावणात सासूबाईंना ताप आला, गावात निदान होईना, तेव्हा हे जाऊन त्यांना खोपोलीला घेऊन आले. गौरी-गणपती त्यांनी अंथरुणात काढले. नवरात्रात ताप उतरला. दिवाळीत त्या भिंतीला धरून न्हाणीपर्यंत चालू लागल्या. आता सगळं मार्गी लागेल असं आम्हाला वाटलं, आणि खरी काळजी तिथून पुढे सुरू झाली.

मी मुंबईच्या कॉलेजात शिकलेली, बी.ए. झालेली. माझ्या सगळ्या कामांना वेळ आणि क्रम असे. दर दोन तासांनी थोडं थोडं द्या, हलकं द्या, तिखट-तेलकट नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मी ते तंतोतंत पाळत होते. त्या उठल्या की तोंड धुवायच्या आधी दूध. मग साबुदाण्याची पेज, मोसंबीचा रस, मुगाचं कढण, दुधात भिजवलेलं बिस्किट, संध्याकाळी मऊ भात. सगळं झाकलेलं, गाळलेलं, कोमट. यात काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. आजाऱ्याला जे द्यावं तेच मी देत होते. त्या दोन चमचे घेत आणि तोंड मिटत. हे कारखान्यातून आले की आधी त्यांच्या उशाशी बसत.

“आई, एवढं तरी घे. माझ्यासाठी घे.”

“अरे, नको म्हणते का मी? आत जातच नाही. मातीसारखं लागतं.”

“तुला काय हवंय ते सांग. आणून देतो.”

“हवंसं वाटत असतं तर सांगितलं नसतं का रे?”

हे उठून बाहेर जात आणि अंगणात उगाच उभे राहत. मी वाटी आत नेत असे. चोळी सासूबाईंच्या खांद्यावरून उतरू लागली होती. मनगटं माझ्या दोन बोटांत मावत. एकदा डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, “भूक आणायचं औषध माझ्याकडे नाही. टॉनिक देतोय, पण वय झालंय. आजारातून उठल्यावर काही म्हातारी माणसं परत खायला लागतात, काही लागत नाहीत. खाल्लं नाही तर हा हिवाळा कठीण आहे.” ते चांगले डॉक्टर होते, उगीच घाबरवणारे नव्हते. म्हणूनच मला धडकी भरली.

देवावर माझी श्रद्धा होती, पण ती जरा हात राखूनच. सकाळी पूजा करायची, संध्याकाळी दिवा लावायचा, परीक्षा-बदल्यांच्या वेळी नमस्कार जास्त वेळ करायचा. मागितल्याने मिळतं यावर माझा भरवसा नव्हता आणि मागितल्यावाचून राहवतही नव्हतं. त्या दिवसांत मी देव्हाऱ्यासमोर बसले की मनात मुद्दे मांडत असे. सासूबाईंना अजून नातवंडं पाहायची आहेत. त्यांनी कोणाचं वाईट केलेलं नाही. हे असे आईवेडे आहेत, त्यांना हे झेपणार नाही. एखाद्या साहेबापुढे अर्ज वाचून दाखवावा तसं मी ते म्हणत असे, आणि उठताना आपलं कोणी ऐकलेलं नाही असंच वाटत असे.

एका सकाळी दूध परत करताना सासूबाई म्हणाल्या, “मला एकदा महडला ने.”

महडचा वरदविनायक खोपोलीपासून टांग्याच्या अंतरावर. लग्न होऊन त्या या भागात आल्या तेव्हापासून त्यांचा तोच देव. मला वाटलं, मनाने उभारी घेतली. मी म्हटलं, “जाऊ या ना. जरा अंगात शक्ती येऊ दे, मग चतुर्थीला जाऊ.”

“चतुर्थीला नको. गर्दीत धड बोलता येत नाही. त्याचा निरोप घ्यायचाय मला.”

त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मी पेला खाली ठेवला आणि थेट यांना सांगायला गेले. हे ऐकून तुमचे आजोबा आधी रागावले. टांग्यात हाडं खिळखिळी होतील म्हणाले, देव काय इथे नाही का म्हणाले, आणि मग न बोलता टांगा सांगून आले. त्यांना कारखान्यातून सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. मी टांग्यात गादी घातली, दोन उशा घेतल्या, थर्मासमध्ये साबुदाण्याची पेज भरली, वाटी-चमचा घेतला, आणि आम्ही दोघी निघालो.

कार्तिकातला स्वच्छ दिवस होता. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती, पेंढ्या खळ्यावर जात होत्या. टांगेवाला धोंडू त्याच भागातला, सतत बोलणारा. “आजी, लय बारीक झाल्यात बाई. टायफॉट वंगाळच. माझ्या म्हातारीला झालेला. आमी तिला सुकट भाजून दिली, तवा उठली.” मी त्याला सांगितलं की आमच्याकडे सुकट खात नाहीत. “मग कसं व्हायचं वो तुमचं,” असं तो अगदी मनापासून म्हणाला, आणि सासूबाईंच्या ओठाचा कोपरा जरा हलला.

देवळात गर्दी नव्हती. पुजारी गावात कोणाकडे पूजेला गेले होते, गाभारा उघडा होता, समई तेवत होती. मी सासूबाईंना धरून आत नेलं. त्यांनी उंबऱ्यावर डोकं टेकवलं ते बराच वेळ उचललं नाही. मी शेजारी उभी होते. त्या आत काय बोलत असतील हे मला ठाऊक होतं आणि मला ते थांबवायचं होतं. मी हात जोडले आणि माझे मुद्दे आठवू लागले. पण एकही आठवेना. रोज पाठ म्हटल्यासारखे येणारे शब्द त्या वेळी आलेच नाहीत. त्यांच्या पाठीचा कणा लुगड्यातून मण्यांसारखा दिसत होता, तेवढाच मला दिसत होता. शेवटी मी मनात म्हटलं, मला काही सुचत नाही, आता तुझं तू बघ. ती प्रार्थना होती की कंटाळा होता, हे मला आजही सांगता येणार नाही. म्हटल्यावर मात्र खांद्यावरचं काहीतरी खाली ठेवल्यासारखं झालं.

लगेच निघायचा माझा बेत होता. बाहेर येऊन पाहते तर टांगा तयार नाही. घोड्याचा नाल ढिला झाला होता. धोंडू म्हणाला, “चौकात जाऊन ठोकून आनतो. आजींना जरा पडू द्या हितं. मी काय पळून जात नाय.” नाइलाजाने मी देवळामागे, तळ्याच्या बाजूला, धर्मशाळेच्या ओसरीत गादी पसरली आणि सासूबाईंना आडवं केलं. त्यांनी डोळे मिटले. मी घड्याळ पाहिलं आणि थर्मास जवळ ओढला.

ओसरीपुढे चिंचेखाली एक जोडपं तीन दगडांची चूल मांडून बसलं होतं. चिंचेच्या फांदीला झोळी बांधली होती, त्यात मूल निजलं होतं. बोलण्यावरून माणसं घाटावरची वाटत होती. बाई तिशीची, खोचलेल्या नऊवारीत, कपाळावर आडवं कुंकू, आणि परातीत काहीतरी तावातावाने मळत होती. तिचा नवरा चुलीत काटक्या सारत होता.

“म्हनलं व्हतं, मोदक तळून टाक. आपल्याकडं तळूनच करत्यात समदी.”

“तुमी गप बसा वं. नवस म्या बोललेय. उकडीचं बोललेय, मंग उकडीचंच.”

“मग कर की. देवाला काय, त्यो काय उठून म्हननार हाय का, की तळलेलं नगं म्हनून?”

“त्याला कळतंय समदं.”

सासूबाईंनी डोळे न उघडता म्हटलं, “गार पाण्यात भिजवलंय तिने.”

मला वाटलं, त्या झोपेत बोलताहेत. “काय म्हणालात?”

“पीठ गं. थापट्या मारत्येय बघ, भाकरी असल्यासारखी. ऐकू येतंय मला. सगळे फुटणार.”

आणि फुटलेच. बाईने पातेल्यावरचं झाकण काढलं तेव्हा आत फडक्यावर पांढरा लगदा होता, आणि गूळ-खोबरं वितळून खाली पाण्यात उतरलं होतं. तिने एक उचलू पाहिला तो तिच्या हातात दोन झाला. दुसराही तसाच. ती खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि खांदे हलवत रडू लागली. मग ती कोणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, “येकवीस बोललेली. येक बी धड न्हाई. पोरगं दिलं त्यानं, आन माझ्याच्यानं येवढं व्हईना.”

मी तिच्याकडे बघत असतानाच माझ्या मागे गादी हलली. “मला उठव,” सासूबाई म्हणाल्या.

“अहो, पडून राहा. मी सांगते तिला काय सांगायचं ते.”

“तू काय सांगणार? तुझे मोदक मी खाल्लेत. उठव.”

मी उठवलं. दंडाला धरून त्यांना चुलीशी नेलं, खाली उशी ठेवली. त्या टेकल्या, धाप शमेपर्यंत बसून राहिल्या, मग परातीतलं पीठ चिमटीत घेऊन चोळलं. “कुठले गं हे तांदूळ?”

“घरचंच हाय, आजी. जुन्नरकडचं. गिरनीवर दळलंया.”

“भरड आहे. उरलंय का अजून?”

“हाय की, डबाभर हाय. आन सारन बी हाय.”

“मग रडतेस काय? वस्त्रगाळ कर. धुतलेलं पातळ फडकं आहे? त्याच्यातून चाळ. वरचं जाड राहील ते घरी जाऊन घावनांना घाल. आधी हात धू. आणि तुम्ही हो,” त्या नवऱ्याकडे वळल्या, “हळदीची चार पानं आणा कोणाच्या परसातून. विचारून आणा.”

बाई जरा घुटमळली. “आजी, तुमी सोवळ्यातल्या. आमच्या चुलीवरचं चालंल का तुमास्नी?” सासूबाईंचं सोवळं-ओवळं कडक होतं, हे मी जाणून होते. त्यांनी क्षणभर देवळाच्या कळसाकडे पाहिलं. “नवस तुझा आहे. हात माझे. बाकीचं त्याला विचार,” एवढंच म्हणाल्या आणि पातेलं पुढे ओढलं.

पुढचा तासभर मी जे पाहिलं ते तुम्हाला जसंच्या तसं सांगण्याचा प्रयत्न करते. ज्या बाईला पाण्याचा पेला तोंडाशी धरायला माझा हात लागत होता, ती चुलीशी बसून हुकूम सोडत होती. पाण्याला आधण येऊ दे. मीठ चिमूटभर, तेल थेंबभर. आता पीठ घाल, उलथन्याच्या दांड्याने ढवळ, झाकण ठेव, आणि आता बघू नकोस सारखी आत. वाफ दवडू नकोस. उकड परातीत ओतल्यावर मला म्हणाल्या, “मळ.” मी हात लावला आणि मागे घेतला. “चटका बसतो,” मी म्हटलं.

“बसू दे. गार झाली की चिरते. तेलपाण्याचा हात लाव.”

घाटावरची बाई हसली. “वैनी, तुमचं बी माझ्यावानीच दिसतंय.” मी मळत होते, ती गोळे करत होती आणि सासूबाई वळत होत्या. पहिली पारी त्यांच्या थरथरत्या बोटांत फाटली. त्यांनी ती मोडून परत गोळ्यात घातली, हात मांडीवर ठेवून थोडं थांबल्या, आणि दुसरी घेतली. तिच्या पाकळ्या जरा वाकड्या आल्या. तिसऱ्या मोदकापासून बोटांना सगळं आठवलं. इतक्यात नवरा मोठ्या रुबाबात पानं घेऊन आला. सासूबाईंनी एक पान हातात घेऊन नाकाशी नेलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

“ही कर्दळ आहे.”

“पानं तर तशीच हायती, आजी.”

“वास घ्या. येतो का काही?”

त्याने इमानदारीने वास घेतला. “न्हाई.”

“मग?”

बायको तोंडाला पदर लावून हसत होती, आता रडण्याचं नाव नव्हतं. तो परत गेला आणि खरी हळदीची पानं घेऊन आला. ती फडक्यावर अंथरली, वर मोदक ठेवले, झाकण लावलं. थोड्या वेळाने पानांचा तो वास वाफेबरोबर सुटला, आणि मी पाहिलं की सासूबाईंनी मान किंचित वर करून श्वास आत घेतला. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. एवढंच. पण कित्येक आठवड्यांत मी त्यांना कशाचा वास घेताना पाहिलं नव्हतं.

उकड थोडी उरली होती. सासूबाईंनी बाईकडे मिरची मागितली. तिच्याकडे हिरवी मिरची, जिरं, मीठ होतंच. ते ठेचून उकडीत मिसळलं, चपट्या चकत्या केल्या आणि दुसऱ्या वाफेला लावल्या. “आमच्याकडे निवगऱ्या म्हणतात. उरलेल्या उकडीच्या करतात,” त्यांनी तिला सांगितलं. मिरची पाहून मी मनात डॉक्टरांची क्षमा मागितली.

एकवीस मोदक केळीच्या पानावर मांडले गेले. सगळे अखंड. त्यांतले पहिले दोन जरा लंगडे होते, ते बाईने मागच्या बाजूला लावले. पुजारी अजून यायचे होते. नैवेद्य त्यांच्या हातून दाखवायचा होता, आणि तोवर कशालाही तोंड लावायचं नव्हतं, चवसुद्धा बघायची नव्हती. सासूबाईंनी सगळं नुसतं हाताने आणि वासाने केलं होतं. दुपार कलली होती. सकाळपासून त्यांच्या पोटात दोन घोट दूध होतं. मी थर्मासमधून पेज वाटीत ओतली आणि त्यांच्यापुढे धरली.

“नैवेद्य व्हायचाय अजून,” त्या म्हणाल्या आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

वाटी तशीच सरकवायची त्यांची रोजची रीत होती, पण या वेळी हात वेगळा होता. रोज तो हात म्हणत असे की मला नको. आज तो म्हणत होता की आत्ता नको. हा फरक किती मोठा आहे हे मला तेव्हा पुरतं कळलं नाही. मी वाटी झाकून ठेवली.

आम्ही थांबलो. धोंडू टांगा घेऊन आला आणि तोही चिंचेखाली टेकला. मूल जागं झालं, त्याला बाईने मांडीवर घेतलं. सासूबाई ओसरीच्या खांबाला टेकून वाटेकडे बघत होत्या. मी गादीवर आडवं व्हा म्हटलं, तर नको म्हणाल्या. एकदा विचारलं, “हे पुजारी येतात तरी कधी?” थोड्या वेळाने पुन्हा, “लांब गेलेत का?” मग जरा चिडून, धोंडूला, “अरे, तू तरी बघून ये रे चौकापर्यंत. किती वेळ लावतात ही माणसं. भूक लागलीये मला.”

धोंडू उठला आणि गेला. त्या बाईला यात काही विशेष वाटलं नाही. ती मुलाच्या नाकाला लागलेलं पुसत होती. दुपार झालीये, आजीला भूक लागलीये, त्यात काय. मी तोंड फिरवून तळ्याकडे बघत राहिले. पाण्यावर शेवाळाचा हिरवा थर होता आणि एक बगळा त्याच्या कडेला उभा होता. मला तो नीट दिसत नव्हता.

पुजारी आले. नैवेद्य झाला, आरती झाली. बाईने मुलाला देवाच्या पायांवर घातलं. बाहेर येऊन तिने आधी सासूबाईंच्या पानावर दोन मोदक ठेवले. त्यांनी त्यातल्या एकाचा अर्धा खाल्ला आणि म्हणाल्या, “गोड नको. त्या निवगऱ्या दे. वर तेल घाल जरा.” त्यांनी एक खाल्ली. मग दुसरी. मिरची लागून डोळ्यांत पाणी आलं, ते पदराने पुसलं आणि तिसरीकडे हात नेला. मी मोजत नव्हते असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तू काय बघत्येस? खा तूही. गार झाल्या की चामट होतात.”

परतताना त्या टांग्यात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. घरी तुमचे आजोबा दारातच उभे होते. मी त्यांना एवढंच सांगितलं, “आज खाल्लं.” त्यांनी टांग्यातून आईला उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सगळं बदललं असं मात्र झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूध परत केलं, पेजही परत केली, आणि माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे पावट्याच्या शेंगा आणि सूप ठेवलं, सोलायला. देवाची पूजा त्यांच्या अंथरुणाजवळ आणली. नैवेद्य होईपर्यंत काही दिलं नाही, आणि तो व्हायला मुद्दाम जरा उशीर केला. स्वयंपाकघराचं दार, जे मी त्यांना धुराचा त्रास नको म्हणून लावून घेत असे, ते उघडं ठेवलं. फोडणीला मिरची घातली. “हिंग जळला तुझा,” त्या अंथरुणावरून म्हणाल्या. ताटावर बसल्या आणि भाताचे चार घास खाल्ले. कधी पुढे, कधी मागे, असं करत पौषापर्यंत त्या निम्मी भाकरी खाऊ लागल्या आणि चैत्रात आपल्या गावी परत गेल्या. पुढे बरीच वर्षं होत्या. तुमच्या बाबांना त्यांनीच मांडीवर खेळवलं.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “असं होतं. शरीर आपल्या वेळेने वळतं. महडला गेला नसतात तरी कदाचित आठवड्याने भूक लागली असती.” तसंही असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही आणि तुमच्याशीही घालणार नाही. घोड्याचा नाल ढिला होतो, पुजाऱ्यांना उशीर होतो, घाटावरच्या बाईला उकड जमत नाही, यात काही अद्भुत नाही. मला इतकंच ठाऊक आहे की मी आमच्यासाठी मदत मागायला गेले होते, आणि आमच्याकडे पाठवली गेली ती आमच्याहून अडचणीतली बाई. आम्ही सगळे मिळून सासूबाईंना देत होतो. दूध, औषध, उशी, काळजी. त्यांच्याकडे कोणी काही मागत नव्हतं. मागायचं आम्हाला सुचलंही नसतं. आणि अन्नासाठी त्यांना वाटही बघावी लागत नव्हती. सगळं आयुष्य आधी देवाचं, मग घराचं, मग आपलं, अशा क्रमाने जेवलेल्या बाईची भूक कदाचित त्या क्रमातच राहत असेल. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी ती बाई, ती फुटलेली उकड मी कुठून आणली असती?

त्या दिवसापासून माझं देवापुढचं बसणं बदललं. मी अजूनही शिस्तीची आहे, पूजेची वेळ चुकवत नाही. पण मुद्दे मांडायचं सोडलं. अडचण असली की ती त्याच्यासमोर ठेवते आणि उठते. कसं करावं, कोणाकडून करावं, हे त्याला सांगायला जात नाही. कधी काही घडतं, कधी घडत नाही. घडत नाही तेव्हाही आता पूर्वीसारखं एकटं वाटत नाही. शरण जाणं म्हणजे फार मोठं काही असेल असं मला आधी वाटायचं. माझ्या वाट्याला ते एवढंच आलं, आणि मला ते पुरलं.

गावी परत जायच्या आदल्या दिवशी सासूबाई आपलं गाठोडं बांधत होत्या. मी त्यांना धीर करून विचारलं, कारण मनात ते कित्येक महिने होतं. “आई, महडला तुम्ही देवाचा निरोप घेतलात ना? काय म्हणालात त्याला?”

त्यांनी लुगड्याची घडी घातली, ती चुकली म्हणून मोडून परत घातली. “डोकं ठेवलं. मग म्हटलं, दम घेते आणि येताना परत आत जाऊन नीट सांगते त्याला.” गाठ आवळायला त्यांनी मला बोट ठेवायला सांगितलं. “पण मग ती बाई गार पाण्यात पीठ मळायला बसली. राहूनच गेलं.”